माहितीपुस्तकातलं नको ते चित्र

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात साहेबांनी फर्मान काढलं: सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात प्रत्येक खिडकीचं चित्र हवं, आणि ते झाल्याशिवाय दिवाळीची रजा नाही. इकडे साताऱ्याचं तिकीट काढून झालेलं! हाताने एकेक स्क्रीनशॉट काढत बसणाऱ्यातली मी नव्हे. मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. ती एकेक खिडकी शोधणार, फोटो काढणार, पुस्तकात चिकटवणार.

पहिल्या फेरीत सगळे फोटो काळेकुट्ट. खिडक्या खाली दडवलेल्या, आणि स्क्रिप्टबाईसाहेब तशाच फोटो काढत सुटलेल्या. खिडक्या उघडायला लावल्या, तर 'बिल' नावाच्या फोटोत माझा कॅल्क्युलेटर! म्हणजे ही भवानी खिडकीचा फोटो काढतच नव्हती. खिडकीची जागा तेवढी टिपत होती, मग तिथे वर कुणीही येऊन बसलेलं असो.

"भवाने, डोळे फुटले का तुझे?" मी स्क्रीनवर खेकसले. शेजारच्याने मुकाट्याने खुर्ची लांब सरकवली.

मग खिडकी आधी सगळ्यांच्या वर आणायची, क्षणभर थांबायचं आणि मग फोटो, अशी ओळ घातली. सुरुवातीची चित्रं बघितली. झकास! उरलेली न बघताच पुस्तक साहेबांना धाडलं आणि ऐटीत कॉफी प्यायला गेले.

परतते तर साहेबांचं बोलावणं. त्यांच्या स्क्रीनवर आमचं पुस्तक, आणि 'ग्राहकाची नोंद' या मथळ्याखाली माझं ताईशी चाललेलं चॅट! नेमका तेव्हाच तिचा मेसेज येऊन ते वर उसळलं असणार. त्यात मी लिहिलेलं, "रजा कसली देतोय! सदा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड."

मी मनात म्हटलं, घाबरतेस कशाला, चेन्नईत मराठी कोण वाचतंय? तर वर्षभर माझ्याशी इंग्रजीत बोलणारे साहेब ते मोठ्याने वाचू लागले. हेल तमिळ, पण शब्द न् शब्द मराठी.

"आमचं घराणं तंजावरचं," ते म्हणाले. "घरांत हीच भाषा."

मेले! संपली माझी दिवाळी. मी रडायच्याच बेतात होते.

"रजा किती दिवस मागितलीत?"

"चार," मी कशीबशी पुटपुटले.

साहेबांनी मान हलवली. "असलें तोंड विसरायास चार दिवस कसे पुरावेत? आठ घ्या."