मांजरीचा खरा आकडा

आमच्या अप्पांची लातूरला आडत होती. आडत बंद झाली, मग आई गेली, आणि घरात उरले ते आणि एक म्हातारी मांजरी. ती दुकानातल्या पोत्यांवर वाढलेली, त्यामुळे माणसांविषयी तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. "तिला नीट दिसंना गं माय," अप्पा फोनवर म्हणाले. मी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहते. इथल्या एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे मांजराचं बीपी मोजायची सोय होती, म्हणून दोघांना बोलावून घेतलं.

पहिल्या खेपेला काही जमलं नाही. शेपटीच्या बुडाशी पट्टा गुंडाळला की ती फिस्कारायची. आकडा आला तो भलताच मोठा. हा आजाराचा की भीतीचा, ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मूत्रपिंडं थकली की म्हाताऱ्या मांजरांचं बीपी वाढतं, आणि ते तसंच राहिलं तर डोळे जातात. उगाच औषध सुरू करायचं नव्हतं आणि उशीरही करून चालणार नव्हतं. त्यांनी भीती कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी घरून निघायच्या आधी एक द्यायची, म्हणजे ती शांत राहील आणि खरा आकडा कळेल.

पुढच्या खेपेला लातूरहून आलेली मांजरी टेबलावर ओल्या टॉवेलसारखी पडून राहिली. पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला, तिने शेपूटही हलवली नाही. आकडा छान आला. तूर चढ्या भावानं गेल्यावर व्हायचा तसा अप्पांचा चेहरा झाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरीणबाईंना मात्र बरं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मांजरीला खाली ठेवलं, तर तिचे मागचे पाय लटपटत होते. मग त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. डाव्या डोळ्यात आतल्या बाजूला रक्त उतरलं होतं.

"आकडा चांगला आहे, पण डोळा वेगळंच सांगतोय. काका, गोळ्या किती दिल्या?"

अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोन."

"एक सांगितली होती ना?"

"एकीनं आकडा बरा आला नसता तर?" आणि यात काय चुकलं अशा सुरात पुढे म्हणाले, "मी बी दवाखान्यात जायच्या दिवशी माझ्या बीपीच्या गोळ्या दोन खाऊन जातो. आकडा बरा आला की डॉक्टर बी खूश, लेकरं बी खूश."

आमच्याकडे दवाखान्यात जाताना माणूस दाढी करतो, इस्त्रीचा सदरा घालतो. अप्पा आकडाही धुऊन-पुसून न्यायचे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ही गोळी बीपी उतरवायची नाही, एवढंच त्यांनी समजावलं. बेताची दिली तर मोजमाप सोपं होतं. जास्त झाली तर आकडाही खाली येऊ शकतो, मग कशावर विश्वास ठेवायचा? मला राग आला होता, आणि तो मांजरीपुरता नव्हता. "बीपी नॉर्मल हाय" हे मी इतकी वर्षं फोनवर ऐकून घेत होते आणि निवांत झोपत होते.

दोघांना माझ्याकडेच ठेवून घेतलं. गोळीचा अंमल पूर्ण उतरल्यावर, दोन-तीन दिवसांनी, एकच गोळी देऊन पुन्हा मोजलं. मांजरी शांत होती आणि आकडा मोठा होता. बीपीचं औषध सुरू झालं. डावा डोळा परत आला नाही, उजवा वाचला.

त्याच आठवड्यात मी अप्पांना माझ्या डॉक्टरांकडे नेलं. सकाळी त्यांची रोजची एक गोळी मी माझ्या हाताने दिली आणि पाकीट माझ्या पर्समध्ये टाकलं. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. दंडाला पट्टा बांधल्यावर ते यंत्राकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी एकदा मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं आणि आकडा सांगितला.

"तिचा बी येवढाच हुता का गं?" अप्पांनी विचारलं.

"नाही अप्पा," मी म्हटलं, "तिचा कमी होता."