टाकीत रिकामा केलेला टँकर

सतरा चौकोन आहेत. प्रत्येकाचा रंग वेगळा, प्रत्येकावर एक चित्र. गरिबी, भूक, आरोग्य, शिक्षण, पाणी असं करत करत ते पार पृथ्वी वाचवण्यापर्यंत जातात. जगातल्या देशांनी एकत्र बसून ही ध्येयं ठरवली आणि ती गावात पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्रशिक्षक, तीही कंत्राटी. लातूरला खोली करून राहते. सकाळच्या एसटीने निघते आणि सतरा चौकोनांचा फ्लेक्स गुंडाळून काखेत मारून गावोगाव हिंडते. एकदा कंडक्टरने विचारलं, "मॅडम, कुणाचा वाढदिवस हाय?" तेव्हा मी खूप हसले होते. आता कुणी विचारलं तर चिडचिड होते.

पद्धत अशी की गावाने ग्रामसभेत एक संकल्प निवडायचा, वर्षभर त्यावर काम करायचं आणि शेवटी प्रश्नावली भरून गावाचे गुण काढायचे. नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावाने 'जलसमृद्ध गाव' हा संकल्प घेतला. ज्या गावाला पाण्याचीच बोंब, त्याने नेमकं पाणीच निवडलं, म्हणून मला त्या दिवशी भरून आलं होतं. इतकी मी बावळट होते.

खालचं गाव ओढ्याकाठी आहे. तिथल्या विहिरी उन्हाळाभर कशाबशा पुरतात. वरची वस्ती माळावर, बहुतेक घरं बौद्ध, मजुरीवर जगणारी. त्यांना उन्हाळ्यात दिवसाआड टँकर यायचा. वर्षभरात वस्तीत पाइप आले, दारोदारी नळ आले, उंच टाकी बांधून झाली. फक्त टाकी भरणाऱ्या बोअरला पाणी लागलं नाही.

वर्षअखेर आली तशी वरून घाई सुरू झाली. प्रत्येक घराच्या नळाचा फोटो हवा होता, आणि फोटोत नळ वाहता हवा होता. ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. मनाने वाईट माणूस नाही. त्यांनी तोडगा काढला. फोटोच्या दिवशी वस्तीचा टँकर आला, त्याचं पाणी त्यांनी हंड्यांत उतरूच दिलं नाही, सगळं उंच टाकीत चढवलं. "एका दिवसाचा तर प्रश्न हाय मॅडम," ते म्हणाले. "बोअर दुसरीकडं घ्यायलोत ना आपण. आज ना उद्या पाणी येणारच हाय."

मी हो म्हणाले. मला कुणी धमकावलं नव्हतं. काम होणारच आहे, फोटो थोडा आधी काढतोय एवढंच, अशी मी माझी समजूत घातली.

त्या दुपारी वस्तीतले सगळे नळ वाहिले. बायका हंडे घेऊन धावल्या. मी घरोघर फोटो काढत होते. अंगणवाडीची मदतनीस माझ्याबरोबर फिरून नावं सांगत होती. चाळिशीची, विधवा, बोलायला फटकळ. वस्तीत तिच्याशिवाय पान हलत नसे. तिच्या दाराशी आलो तेव्हा ती नळाजवळ उभी राहिली आणि मी मोबाइल वर धरल्यावर म्हणाली, "थांबा मॅडम. एक इचारते. नळ हाय मनून लिवलं तर आमचा टँकर तर बंद होणार न्हाई ना?"

"टँकर कशाला बंद होईल?" मी म्हणाले. "उलट गावाचं नाव झालं की कायमचं पाणी येईल. माझ्यावर विश्वास ठेव."

तिने पदर सारखा केला. मी फोटो काढला. गावाला पाण्याच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले.

पुढच्या एप्रिलमध्ये तिचा फोन आला. टँकर आलाच नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं की घरोघरी नळ असलेल्या वस्तीला टँकर मंजूर होत नाही. मी कचेरीत जाऊन भांडले. टेबलावरच्या माणसाने शांतपणे संगणक माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, फोटो तर तुमीच काढलेत." एकदा 'साध्य' झालेलं ध्येय पुन्हा 'असाध्य' करायला त्यात रकानाच नव्हता. ठरवणाऱ्यांनी माणसाच्या प्रगतीचा सगळा विचार केला, पण मिळालेलं पाणी परत जाऊ शकतं, हे काही त्यांना सुचलं नाही.

मार्ग एकच उरला. गावाने ग्रामसभेत ठराव करायचा की वस्तीला पाणी नाही. पण गाव पुरस्काराच्या यादीत होतं. त्या पैशातून खालच्या गावाचा रस्ता व्हायचा होता. मी उभी राहून बोलले. लोकांनी ऐकूनही घेतलं. मग एक म्हातारा म्हणाला, "पैल्यांदाच गावाचं नाव निघालंय बाई. उगंच कामून नाट लावता?" भाऊसाहेब जमिनीकडे बघत होते. हात वर करायची वेळ आली तेव्हा वस्तीतले तीन-चारच हात वर गेले. बाकीची वस्ती सभेला आलीच नव्हती. सकाळी दहाची सभा, आणि त्या वेळेला सगळे खालच्या मळ्यातल्या विहिरीवर पाण्याच्या रांगेत उभे होते.

ठराव बारगळला. मग लातूरला मोठं प्रशिक्षण झालं. थंडगार हॉल, टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. वरून आलेले साहेब म्हणाले की जग ध्येयांच्या फार मागे पडलंय, गाडी पुन्हा रुळावर आणायची आहे, आणि ती गावातूनच येईल. लातूरने एकदा रेल्वेने आलेलं पिण्याचं पाणी बघितलंय. रुळांचं नाव निघालं की आमच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही येतं, पण हे त्यांना कोण सांगणार? यशस्वी गावाची माहिती द्यायला त्यांनी मला बोलावलं. मी उठले, वाहत्या नळांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि बोलले. खरं सांगते, चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. करार दरवर्षी नवा करावा लागतो, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलंय. ते पुरत नाही.

या उन्हाळ्यात मी पुन्हा वस्तीत गेले, नव्या वर्षाची प्रश्नावली भरायला. दुसरा बोअर अजून झालेला नाही. मदतनीस घरीच होती. विहिरीच्या मालकाची जनावरं पिऊन झाली की मग यांची पाळी लागते, ती मिळवून नुकतीच आली होती. डावा खांदा दाबत बसली. अंगणवाडीतली पोरं आता घरून पाणी आणतात, ज्यांच्या घरी असतं ती. मी मोबाइल काढला. प्रश्न तोच होता. घरात नळाने पाणी येतं का?

मी तो तिला वाचून दाखवला. 'नाही' दाबलं की अर्ज परत येतो, ठरावाची प्रत मागतो.

"लिवा, हाय मनून," ती म्हणाली.

"कसं लिहू?"

"न्हाई लिवलं तरी टँकर येत न्हाई. तुमची नोकरी मातर जाईल. लिवा."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी 'हो' वर बोट टेकवलं.

ती उठून आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी झटकन म्हणाले, "नको, नको. मला नको." मला फक्त ते पाणी वाचवायचं होतं. पण तिचा चेहरा एकदम मिटला आणि माझ्या लक्षात आलं की त्या घरात माझ्यासारखीने पाण्याला नको म्हणण्याचा अर्थ काय होतो. तिच्या आजीने तो ऐकला असेल, आईने ऐकला असेल. मी तांब्या हातात घेतला. अर्धवट ठेवला असता तरी तोच अर्थ झाला असता, म्हणून सगळा प्यायले. गार पाणी होतं, आणि एवढ्या उन्हातून आल्यावर ते मला गोडही लागलं, याची मला अजून लाज वाटते.

रिकामा तांब्या बघून तिचा चेहरा उजळला.

"आनखी देऊ?" तिने विचारलं.