हद्दपार झालेला रिमोट

कैरोतल्या एका अरबी भाषामंडळात बयूमीकाका एकतीस वर्षं पुदिन्याचा चहा देत होते. परक्या शब्दांना हाकलून अस्सल अरबी नावं द्यायची, हे तिथल्या पंडितांचं काम. पण त्यांचे ठराव मनावर घेणारे एकटे काकाच.

एकदा तीन बैठका डोकेफोड करून पंडितांनी 'रिमोट' हा शब्द हद्दपार केला आणि चार शब्दांचं भारदस्त नाव एकमतानं मंजूर केलं. दुसऱ्याच दिवशी उकाड्यानं हैराण झालेले अध्यक्ष ओरडले, "बयूमीकाका, एसीचा रिमोट कुठं मेला?"

काकांनी ट्रे शांतपणे खाली ठेवला. "उस्ताद, अशी कुठलीही वस्तू आता इथं नाही. काल तुम्हीच हात वर करून घालवलीत."

अध्यक्षांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. नवं नाव काही केल्या आठवेना.

"बरं बाबा," ते पुटपुटले, "खिडकी तरी उघडा!"