आठ दिवसांचं माहेर

मंगल अठरा वर्षांची झाली आणि बीडच्या मतिमंद मुलांच्या शाळेनं तिला घरी धाडलं. पुढं ठेवून घ्यायची तिथं सोय नव्हती. तिच्या आईच्या, भिवराबाईच्या जिवाला घोर लागला. दिवाळी सरली की नवराबायकोनं ऊस तोडायला सहा महिने कर्नाटकात जायचं. पोरीला पालावर न्यावं तर दिवसभर तिच्याकडं बघणार कोण? माघारी ठेवावं तर तिची वेणीसुद्धा आईच घालायची.

शाळेच्या तेजश्री मॅडम घरी आल्या आणि रोखठोक बोलल्या, "शाळेत वेणी तीच घालत होती. इथं तुम्ही तिचे हात बांधून ठेवलेत."



मग ठरलं. थोरली जाऊ जानकीबाई नेकनूरच्या बाजारात भाजी विकायची. मंगलनं तिच्याकडं राहायचं, मेथीच्या जुड्या बांधायच्या. पण जमतंय का ते आधी बघायचं, म्हणून भादव्यातच आईनं आठ दिवस माहेरी जायचं.

भिवराबाई गेली, पण तिसऱ्या दिवशीच दम निघेना. "डोकं दुखतंय" असं भावाला सांगून तिनं एस्टी धरली. मांजरसुंब्याला गाडी बदलताना वाटलं, पोरीनं रडून गाव गोळा केलं असंल.

दुपारी ती जावेच्या दारात पोचली. मंगल जुड्या बांधत बसलेली. वेणी वाकडी, पण घातलेली.

"आई!" ती हसली. लगेच तोंड पाडलं. उठून खुंटीवरची सुतळी आणली. जानकीबाईनं आठ गाठी मारून दिल्या होत्या, रोज सांजच्याला एक सोडायला.

"गाठी हायत अजून. कावून आलीस?"

"तुजी सय आली गं."

"मला लई काम हाय."

जानकीबाई खो खो हसली. "समद्या गाठी सुटल्यावर आई येती, म्हनून सांगितलंय म्या तिला. मला खोटं पाडतीस व्हय? जा माघारी!"

"आन् भावाला काय सांगू, आक्का?"

"डोकं उतरलं म्हनावं!"

भिवराबाईला हसू फुटलं, डोळेबी भरले. मंगलनं एक जुडी तिच्या पिशवीत कोंबली. "मामीला दे."

परतीच्या एस्टीत शेजारची बाई म्हणाली, "माहेराला निगालाव जनू?"

"व्हय," भिवराबाई म्हणाली. "लेकीनं धाडलंय."