खडूची खोली

"वाचलंस का तरी?" मोठे काका विचारत होते.

"अंगठाच तर लावायचा होता, वाचायचं कशाला?" वडील म्हणाले. "आणि घर नुसतं गहाण ठेवलंय, विकलंय थोडंच?"

दाराआड दहा वर्षांची पोर उभी होती. सहा महिन्यांनी बिऱ्हाड हातगाडीवर निघालं, तेव्हा गहाण म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

पुढे ती टायपिंग शिकली आणि नोंदणी कार्यालयाच्या आवारात जिन्याखाली टेबल टाकून बसली, ती तीस वर्षं. लोक तिला टाइपवाली आत्या म्हणत. टाइप करायचे पैसे घ्यायची, समजावून सांगायचे कधी घेतले नाहीत.

"कार्पेट म्हणजे जिथं सतरंजी पसरता येते ती जागा," ती सांगे. "बिल्ट-अप म्हणजे भिंतीचेही पैसे; तिच्यात झोपता येत नाही, खिळा तेवढा मारता येतो. सुपर बिल्ट-अप म्हणजे जिना, लिफ्ट, वॉचमनची खुर्चीसुद्धा तुमच्या वाट्याला. फक्त तिच्यावर बसायचं नाही."

"आणि फ्लोटिंग व्याज?"

"जावयासारखं. येताना हसत येतं, मग जन्मभर त्याची मर्जी सांभाळा."

"जामीनदार?"

"जेवायला न बोलावलेला, पण भांडी घासायला बसवलेला."

तिचा एकच हट्ट होता. सही करण्याआधी गिऱ्हाइकाचं घर ती टेप लावून, आवारातल्या फरशीवर खडूनं खरोखरच्या मापात काढायची आणि म्हणायची, "राहून बघा."

एकदा एक शिंपी बायको आणि आईला घेऊन आला. दलालानं साडेसहाशे फूट सांगितले होते. आत्यानं कागद वाचला, त्यात कार्पेट चारशेच होतं; तिनं तेवढंच घर काढलं. म्हातारी आतल्या खोलीत आडवी झाली.

"अरे, माझे पाय स्वयंपाकघरात गेले की."

शिलाई मशीन कुठंच बसेना. तिघं सही न करता परत गेली.

"आत्या, आमच्या पोटावर पाय देताय," दलाल म्हणाला.

"तुमचं पोट सुपर बिल्ट-अप आहे. त्याला काय होतंय?"

आठवड्यात नोटीस आली: टेबल वाटेत येतं, सोमवारपर्यंत हलवा. मागोमाग दलाल गोड चेहऱ्यानं आला. "साहेबांशी बोललोय. खडू सोडा, टेबल राहील. माझ्याच फाइली टाइप करा, बसल्या जागी पोट भरेल."

आत्यानं नोटीस दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. "माझ्या बापानं न वाचता हो म्हटलं," ती म्हणाली. "मी वाचून नाही म्हणते."

सोमवारी दोन शिपायांनी टेबल उचललं. टाइपचं मशीन तिनं स्वतःच घरी नेलं. मंगळवारी ती फाटकाबाहेर, फुटपाथवर स्टुलावर बसली. टाइपचं काम बुडालं. मांडीवर पाटी घेऊन हातानं अर्ज लिहू लागली. पण घरं काढायला फुटपाथ लांबलचक होता आणि येणाराजाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. दलालाला आता कार्यालयात शिरायला कोणाच्या ना कोणाच्या खडूच्या स्वयंपाकघरातून जावं लागे.

असं तीन वर्षं चाललं. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीही तिनं एका नवऱ्याबायकोला ताबा म्हणजे काय ते सांगितलं. "किल्ली हातात आणि पाणी नळाला. तोवर नुसता फोटो." मग ओल्या फडक्यानं त्यांचं घर पुसलं, स्टूल चहावाल्याकडे ठेवलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूची पेटी घेतली. उघडून एकेक कांडी बघितली.

"दोन मोडक्या आहेत," ती दुकानदाराला म्हणाली, "बदलून दे."