निराधार बाईचा पंच

आमच्या तालुक्यात त्या वर्षी निराधार वाढले आणि तहसीलदार साहेबांनी त्याबद्दल टाळ्या घेतल्या. अड्याळच्या शाळेच्या पटांगणात सभा होती. मांडवाचा खर्च आम्हा व्यापाऱ्यांकडून निघाला होता, म्हणून मला पुढची खुर्ची होती. साहेबांनी कागद काढून वाचला, मागच्या वर्षी मदत घेणारे निराधार एवढे, यंदा एवढे, पुढच्या वर्षी याहून जास्त करून दाखवू. माझ्या धंद्यात बुडीत उधारी वाढली तर मला कोणी हार घालत नाही. सरकारचं गणित वेगळं असावं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या वाढलेल्या आकड्यात एक माझी माय होती, आणि तिला कोणी नाही असं लिहून देणारी सही माझी होती.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे हसतात. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. आता तेवढा जोर राहिला नाही, पण मनातून गेलेलंही नाही.

माय म्हणजे जन्म देणारी नव्हे. माझे आईबाप पटकीच्या साथीत पाठोपाठ गेले तेव्हा शेजारच्या ढिवराच्या विधवेनं मला उचलून घरी नेलं. तिला मूलबाळ नव्हतं. तलावाच्या मासोळ्या टोपलीत घालून ती गावोगाव विकायची, त्यावर मी वाढलो. पुढे मी बाजारात सुकटीचं आणि झिंग्यांचं दुकान मांडलं, मग मीठ, मग तेल, मग अड्याळला पक्कं किराणा दुकान. कोणी एक पैसा उचलून दिला नाही. मी बोलायला तिखट आहे, भाव सोडत नाही, हे लोक म्हणतात ते खरं आहे. सोडला असता तर दुकान झालं नसतं.

दुकान झाल्यावर मी तिला अड्याळला बोलावलं. ती म्हणाली, "तुह्या दुकानाच्या मागं झोपाले मी का पोतं आहो?" आणि तलावाकाठच्या आपल्या झोपडीतच राहिली. तिचे गुडघे गेले, टोपली सुटली. मी हमालाच्या हाती तांदूळ, तेल, मीठ पाठवायचो. रोख लागलं की ती दुकानात येऊन बसायची आणि मी तिला विचारायचो, कशाला हवेत, मागच्या वेळी नेले त्यांचं काय झालं. पैसा देणारा माणूस विचारतोच. यात वाईट काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही.

निराधारांची योजना नवी होती. म्हातारी विधवा, पोटी कोणी नाही, कमवता मुलगा नाही, अशा बाईला महिन्याला सरकारकडून थोडे रुपये. एका मार्चमध्ये तिच्या गावचा तलाठी माझ्या दुकानात आला. मी चहा मागवला. तलाठ्याशी वैर धरू नये.

"शेठ, एक सही पायजे होती. पंचनाम्यावर."

"कशाचा पंचनामा?"

त्यानं आधी चहा पिऊन घेतला. "तुमच्या मायची केस आहे. निराधारची. तिले कोणी नाही म्हणून गावच्या दोन पंचांनी लिहून द्या लागते. पण गावात कोणी सही करून नाही राहिला जी. म्हणतात, शेठ धडधाकट दुकानात बसून आहे, अन् म्हातारीले कोणी नाही हे आम्ही कोणत्या तोंडानं लिहाचं? पोलीसपाटील म्हणतो, पहिली सही शेठची झाली तर दुसरी माझी."

माझ्या हातात लोखंडी शेर होता. तो मी आपटला तेव्हा गल्ल्यातली चिल्लर उडाली. "माझ्याकडून लिहून घेता, की माझ्या मायला मी नाही?"

"मी नाही सांगितलं जी. अर्ज तिचा आहे. अंगठा तिनं देल्ला." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मार्च अखेर आहे शेठ. माझ्या साझ्यातल्या गावांचा आकडा कमी पडून राहिला. वरून रोज विचारणा आहे."

मी त्याला हाकललं, हमालाला दुकानात बसवलं आणि लुना काढली.

माय अंगणात तांदूळ निवडत होती.

"माय, मी मेलो का?" मी दारातूनच ओरडलो.

"भरल्या घरात अभद्र काहून बोलतं?"

"मग तुले कोणी नाही म्हणून अंगठा कायले देल्ला?"

"तलाठ्यानं इचारलं, पोटचं कोणी हाये का. मी म्हणलं, नाही. खोटं काय सांगितलं?"

"अन् मी?"

"तुह्याबद्दल त्यानं इचारलंच नाही."

मी बाजेवर बसलो. भांडून काम होत नसेल तर सौदा करायचा, एवढं मला येत होतं. म्हटलं, "सरकार देईल त्याच्या दुप्पट मी देतो. दर महिन्याले, घरपोच."

"अन् इचारशील."

"काय इचारीन?"

"हेच. कायले पायजे, मागचे कोठी गेले. सरकार इचारत नाही."

"तिप्पट देतो. इचारणारही नाही."

ती सूप बाजूला ठेवून हसायलाच लागली. "तू मायशी भाव करून राहिला का गा? तुले इचारल्याबिगर राहवते? दुकानातल्या उंदरालेही तू इचारत असशील, बोरी काहून कुरतडली म्हणून!"

शेजारची बाई कुंपणापलीकडून हसली. मी उठलो आणि परत आलो. सही करणार नाही असं सांगूनच आलो.

पुढच्या आठवड्यात हमाल तांदळाचं पोतं घेऊन गेला तसाच परत आला. मायनं पोतं उतरूच दिलं नव्हतं. निराधार बाईच्या घरात शेठचा तांदूळ सापडला तर केस उडेल, असं तिनं त्याला सांगितलं होतं. तेलाचा डबाही परत. मी पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. बायको म्हणाली, चार दिवसांचा रुसवा आहे. मीही तेच धरून चाललो. मग बाजारात तिच्या गावचा एक ओळखीचा माणूस भेटला. तो सहज बोलून गेला, "तुमची माय घरोघरी कण्या मागून राहिली जी. अन् सांगते, उधारी हाये, माह्ये पैसे सुरू झाले का फेडीन."

माझ्या गोदामात तेव्हा उभं राहायला जागा नव्हती एवढा तांदूळ होता.

मी तलाठ्याकडे गेलो. त्याला आकड्याची निकड आहे हे माहीत होतं, म्हणून तिथेही सौदा करून पाहिला. "लिहा, मानलेला मुलगा आहे, पण कायद्यानं नाही. लगेच सही करतो."

"मानलेल्याचा रकाना नाही जी."

"मग शेऱ्यात लिहा."

"शेरा लिहिला का केस वापस येते. शेठ, वर फक्त आकडा जाते. तुमचा मानपान इथंच राहते, त्याची मोजणी नाही." तोही थकलेला दिसत होता. त्याच्या टेबलावर तसल्या कागदांचा ढीग होता, आणि प्रत्येकावर कोणाला ना कोणाला कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी गावच्या चावडीत पंचनामा झाला. माय दाराशी उंबरठ्यावर बसली होती. माझ्याकडे पाहिलं नाही. तलाठ्यानं वाचून दाखवलं, सदर बाईस पोटचे अगर पालनपोषण करणारे कोणीही नाही, हे आम्ही पंच आमच्या माहितीप्रमाणे लिहून देतो. मग त्यानं मला विचारलं, "पंचाचं अर्जदाराशी नातं?"

मायच उंबरठ्यावरून म्हणाली, "गावचा म्हणून लिहा जी."

तलाठ्यानं तसं लिहिलं. मी सही केली. माझ्याखाली पोलीसपाटलानं केली. माय उठायला लागली तर गुडघा धरला तिचा. मी हात दिला आणि बाहेर नेऊन तिला लुनाच्या मागे बसवलं, कारण एवढ्या उन्हात ती चालत जाणार कशी? तलाठी धावत बाहेर आला. "शेठ, जरा मागच्या रस्त्यानं न्या न! आताच सही केली तुम्ही!"

मी मधल्या चौकातूनच नेलं. मागे बसून ती माझ्या सदऱ्याला घट्ट धरून होती. रस्ताभर तिला बोल लावत होतो मी. ती एवढंच म्हणाली, "पुढं पाहून चालव गा."

पैसे सुरू व्हायला पावसाळा सरला. मनीऑर्डर आली त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी ती अड्याळला आली. दुकान भरलेलं होतं. नेहमी ती आत येऊन पोत्यावर बसायची. त्या दिवशी गिऱ्हाइकांत उभी राहिली, हातात रिकामी बाटली.

"जवसाच्या तेलाचा काय भाव गा?"

"आण माय, भरून देतो."

"भाव इचारून राहिली मी."

लोक बघत होते. मी भाव सांगितला. पहिल्यांदा कोणालाही सांगतो तोच.

"लय होते. कमी कर."

फुकट देतो म्हटलं असतं तर ती निघून गेली असती. कमी केला असता तर ती माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक आहे हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. माझं डोकं फिरलं. "एक पैसा कमी होणार नाही," मी म्हणालो.

"नको मंग," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. त्या दुकानदाराचं आणि माझं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तिथं ती बराच वेळ उभी होती. हात नाचवून बोलत होती, मान हलवत होती, एकदा बाटली घेऊन निघालीही आणि त्यानं तिला परत बोलावलं. तिला एवढ्या आनंदात मी तिची टोपली सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. शेवटी कमरेची पिशवी सोडून तिनं पैसे दिले आणि भरलेली बाटली पदराखाली धरून माझ्या दुकानासमोर येऊन थांबली.

"तुह्यापेक्षा सस्तं देते गा तो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

गिऱ्हाइकं हसली. मी कोणाची तरी साखर तोलत होतो, ती पुन्हा तोलावी लागली.