बाथरूममधली मोहरी

इतरांच्या घरी अंघोळीला वेळ लावला म्हणून बोलणी बसतात. आमच्याकडे लवकर आटोपली म्हणून बसतात. सासूबाईंच्या मते माणसाने निदान पंधरा मिनिटं कढत पाण्याने अंघोळ करावी, म्हणजे वाफ चांगली कोंडते आणि झाडांना बरं वाटतं. माणसाला बरं वाटतं की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही.

झाडं म्हणजे ऑर्किड. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच हातभर लांब जांभळे तुरे येतात. ते विसरा. आमच्या बाथरूमच्या खिडकीत, आरशाखालच्या फळीवर आणि कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये मिळून एकेचाळीस झाडं आहेत, आणि ती सगळी एका ताटात मावतील. बुचाच्या तुकड्यांवर दोऱ्याने बांधलेली, नखाएवढ्या पानांची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी त्यातलं एक शेवाळ समजून ब्रशने घासायला घेतलं होतं. पुढचे चार दिवस सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

त्यांनी एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं केली. बारीक कामाची खोड हाताला लागलेली. निवृत्त झाल्यावर ती कुठेतरी जिरवायला हवी होती. मुलगा आणि सून दोघंही आकाराने मोठे पडलो, म्हणून झाडं आणली असावीत.

सगळ्यांत लाडकी ती मोहरी. खरं नाव इतकं लांबलचक आहे की झाडापेक्षा त्याची चिठ्ठी मोठी दिसते. फूल मोहरीच्या दाण्याएवढं, म्हणून आमच्याकडे ती मोहरी. सहा वर्षांपूर्वी सासूबाई तिला मोठ्या हौसेने फुलांच्या प्रदर्शनात घेऊन गेल्या. परीक्षक होते आमच्याच रस्त्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांनी बाटलीकडे एक नजर टाकली, कार्डावर ‘फूल नाही, अपात्र’ असं लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्या दिवशी मोहरीवर आठ फुलं होती.

“लोकांच्या दाढेतली कीड बरी दिसते याला! माझी आठ फुलं दिसत नाहीत?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांनी दात दाखवायला दोन बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, असा फतवा निघाला.

या वर्षी मोहरी खंगत गेली. पानं गळत गळत चारावर आली. विकणाऱ्याची रोपवाटिका केव्हाच बंद पडलेली. बी धरावं तर हे झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही. त्याच जातीचं दुसरं झाड लागतं. एक कळी तेवढी आली होती. “ही गेली की संपलं,” सासूबाई बाटली पुसता पुसता म्हणाल्या. एरवी खणखणीत बोलणारी ही बाई इतक्या हळू बोलली की मला कान द्यावा लागला.

“त्या दातांच्या डॉक्टरांकडे आहे एक,” नवरा जेवता जेवता म्हणाला. “खिडकीतच ठेवलंय. दोन फुलं होती परवा, कळ्याही बऱ्याच.”

“तुला काय माहीत?” मी विचारलं, आणि त्याने जीभ चावली. साहेब दाढ भरायला चोरून जवळच जाऊन आले होते!

आता घरात रामायण होणार म्हणून मी ताटं उचलायला घेतली. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, “पानं कशी आहेत त्याची?”

कळी उमलली त्या सकाळी त्या मला घेऊन दवाखान्यात गेल्या. फूल जेमतेम चार दिवस टिकतं, अभिमान गिळायला तेवढाच वेळ होता. त्या नंबर लावून बसल्या, नंबर आला तशा खुर्चीत जाऊन बसल्या. डॉक्टर त्यांना बघून दचकलेच.

“कुठे दुखतंय?”

“दात धड आहेत माझे. माझी मोहरी फुललीय. तुमच्या झाडाचे पराग हवेत.”

डॉक्टर थोडा वेळ हातातला आरसा फिरवत राहिले. मग म्हणाले, “ताई, संध्याकाळी घरी घेऊन येतो.”

सहाच्या ठोक्याला ते आले. दाताच्या टोप्या ठेवायच्या चिमुकल्या डबीत पिवळा कण आणला होता. मला तर डबी रिकामीच वाटली. बाथरूममध्ये तिघं कसेबसे मावलो. सासूबाईंच्या हातात सुई, डॉक्टरांच्या हातात टॉर्च आणि भिंग. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

“त्या दिवशीही अशी फुलं होती?”

“आठ.”

“मी बाटली उचलूनसुद्धा बघितली नाही. चुकलं माझं.”

“टॉर्च हलवू नका,” सासूबाई म्हणाल्या, आणि सुईच्या टोकावरचा कण त्यांनी फुलाच्या आत टेकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये आधी मीच गेले. फूल मिटून लोंबत होतं. काल टवटवीत होतं, आज चिंधी. चार दिवसांचं फूल एका रात्रीत गेलं! मनातल्या मनात मी डॉक्टरांना नाही नाही ते बोलले. त्यांच्याकडचा कण शिळा असणार, नाहीतर टॉर्चची धग लागली असणार. मी बाहेर येऊन दारातच उभी राहिले.

“आई, आत्ता जाऊ नका आत.”

“का गं?” म्हणत त्या मला बाजूला सारून गेल्याच. मग त्या भिंग घेऊन तशाच बाहेर आल्या आणि फोनकडे गेल्या. आता त्या माणसाचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

“डॉक्टर, फुलाने मान टाकली!” सासूबाई ओरडल्या. पलीकडून डॉक्टरही ओरडले, आणि ते आनंदाने ओरडत होते. मी बावळटासारखी बघत राहिले, तेव्हा सासूबाईंनी फोनवर हात ठेवून सांगितलं, “अगं, पराग लागला की ते लगेच मिटतं. देठ फुगलाय. बी धरलंय तिने!”

मग पुन्हा फोनमध्ये म्हणाल्या, “शेंग पिकायला चार-पाच महिने जातील. बी रुजवायला निर्जंतुक बाटल्या लागतात, तुमच्याकडे अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र आहेच, म्हणून सगळं बी तुमच्याकडेच देणार आहे. हो, सगळं. माझ्याकडे काय ठेवायचं त्यातलं? आणि शेंग तोडायला तुम्हीच यायचं. नीट बघून तोडा म्हणजे झालं.”

फोन ठेवला आणि त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. मी अंघोळीचं पाणी कढत तापवायला ठेवलं.